आपल्याच माणसांशी भांडताना: स्वीडनमधलं १९७६ साल

प्रिय,

घरकाम करणाऱ्या बायकांच्या ज्या संघटनेत तू वाढलीस, तिनेच केलेला एक नियम तुला चुकीचा वाटतो. कल्याण निधीची वर्गणी आता कामाच्या घरांमागे घेतली जाणार, त्यामुळे पाच-सहा घरची कामं करणारी बाई जितकी जास्त राबेल तितकी तोट्यात जाईल, असं तुझं म्हणणं. बैठकीत हे बोललीस तेव्हा ‘विरोधकांच्या हातात कोलीत देतेस’ असं ऐकावं लागलं, आणि तूही रागाच्या भरात ‘नियम मागे घेतला नाही तर पद सोडेन’ असं म्हणून बसलीस. आता गप्प बसू, बाहेर पडू की उघड लिहू, असं विचारतेस.

लिही. त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. कसं लिहावं, यासाठी मात्र तू एक वर्ष नीट वाचावंस असं मला वाटतं. ते आपल्याकडचं नाही. स्वीडनमधलं १९७६ साल. गेली कित्येक वर्षं मी आपल्या अभ्यासवर्गांत हे साल शिकवत आले, कारण आपल्याच माणसांशी भांडण्याचे इतके वेगवेगळे नमुने एका वर्षात एकत्र सापडणं दुर्मीळ.

आधी थोडी पार्श्वभूमी. स्वीडनमध्ये सोशल डेमोक्रॅटिक पक्ष १९३२ साली सत्तेवर आला आणि १९३६च्या उन्हाळ्यातले सुमारे तीन महिने सोडले तर १९७६पर्यंत हललाच नाही. चव्वेचाळीस वर्षं. त्यातली तेवीस वर्षं तर तागे एरलांडर हा एकच पंतप्रधान होता. १९६९मध्ये त्याच्या जागी ओलोफ पाल्मे आला. या पक्षाने काय केलं हे तुला माहीत असायला हवं, नाहीतर पुढची गोष्ट श्रीमंतांच्या कुरकुरीची गोष्ट वाटेल. कष्टकऱ्याला म्हातारपणी हात पसरायला लागू नये म्हणून पेन्शन, सगळ्यांना परवडेल असा दवाखाना, आणि १९७४पासून मूल झाल्यावर आईइतकीच बापालाही पगारी रजा. जगात हे पहिल्यांदा तिथे झालं. ज्या देशात त्याच्या शंभर वर्षं आधी लोक उपाशीपोटी अमेरिकेची बोट पकडत होते, तिथे हे उभं राहिलं. मला त्या पक्षाबद्दल आदर आहे आणि तो मी लपवणार नाही.

आता मार्च १९७६. आस्ट्रिड लिंडग्रेन हे नाव तू ऐकलं असशील. मुलांच्या गोष्टींतली पिप्पी लाँगस्टॉकिंग ही तिचीच. वय अडुसष्ट, स्मोलांडमधल्या विमरब्यू गावच्या शेतकरी घरातली मुलगी, आणि मत कायम सोशल डेमोक्रॅट पक्षाला. तिला त्या वर्षी कळलं की आपल्या उत्पन्नाच्या वरच्या भागावर कराचा दर १०२ टक्के होतो आहे. म्हणजे शंभर क्रोनर जास्तीचे मिळाले तर एकशे दोन सरकारला द्यायचे. छापण्याची चूक नव्हती. झालं होतं असं की पगारावरचा कर थोडा कमी करून तो बोजा मालकांनी भरायच्या सामाजिक वर्गणीकडे सरकवला होता. नोकरी करणाऱ्यांसाठी ते ठीकच होतं. पण जो एकटा काम करतो, लेखक, छोटा दुकानदार, शेतकरी, तो स्वतःच नोकर आणि स्वतःच मालक. त्याच्यावर दोन्ही बाजूंनी आकारणी झाली आणि बेरीज शंभराच्या पुढे गेली. कुणाचा वाईट हेतू नव्हता. नियम करताना या लोकांचा विचारच कुणी केला नाही. तुझ्या वर्गणीच्या नियमातही नेमकं हेच झालं असावं असा माझा अंदाज आहे.

लिंडग्रेनबाईंनी काय केलं? त्यांनी एक परीकथा लिहिली. मोनिस्मानिया नावाचा देश, तिथे पोम्पेरिपोसा नावाची मुलांची पुस्तकं लिहिणारी बाई. तिचं आपल्या देशावर प्रेम आहे, राज्य करणाऱ्या शहाण्या माणसांवर विश्वास आहे, दर निवडणुकीत त्यांनाच मत देते. मग एक दिवस तिला १०२ टक्क्यांची गोष्ट समजते आणि ती कागद घेऊन बसते. वर्षाला वीस लाख क्रोनर मिळाले तर हातात उरणार पाच हजार. ती पुन्हा पुन्हा आकडे मांडून बघते आणि उत्तर बदलत नाही. सगळी धार त्या आकडेमोडीत आहे. पक्षाला शिव्या नाहीत, कुणाच्या खाजगी आयुष्यावर शिंतोडे नाहीत. एका बाईचं एका वर्षाचं उत्पन्न घेतलं आणि नियम तिच्यावर लावून दाखवला, बस्स. बाकीचं वाचणाऱ्याने स्वतः केलं.

ही कथा ‘एक्सप्रेसेन’ या सायंदैनिकात छापून आली. ते उदारमतवादी वळणाचं, म्हणजे तुझ्या बैठकीतल्या भाषेत विरोधकांचं. कोलीत देण्याचा आरोप तिच्यावरही झाला असता तर नवल नव्हतं. पण पक्षाच्या आतल्या कानांना जे ऐकू जात नव्हतं ते बाहेर छापल्यावर संसदेपर्यंत पोचलं, आणि तिथे अर्थमंत्री गुन्नार स्ट्रेंग उत्तर द्यायला उभे राहिले.

स्ट्रेंगबद्दल जरा थांबते, कारण असा माणूस आपल्या प्रत्येक चळवळीत असतो आणि तो खलनायक नसतो. शेतमजुरी करत मोठा झालेला, शेतमजुरांच्या संघटनेचा पुढारी, गावोगाव फिरून मजुरांना उभं करणारा. १९५५पासून सलग एकवीस वर्षं अर्थमंत्री. देशाचा सगळा जमाखर्च तोंडपाठ. अशा माणसाला कुणी म्हणालं की तुमचा हिशेब चुकला, तर तो आधी सांगणाऱ्याकडे बघतो, कागदाकडे नंतर. स्ट्रेंगनी तेच केलं. बाईंच्या लेखणीचं कौतुक केलं आणि वर म्हणाले की करपद्धतीतली वळणं त्यांना कळत नाहीत, ती कळावीत अशी आमची अपेक्षाही नाही. यावर लिंडग्रेनबाईंचं रेडिओवरचं उत्तर साऱ्या देशाने ऐकलं. आशय असा की स्ट्रेंगना गोष्टी सांगता येतात पण आकडेमोड येत नाही, तेव्हा आम्ही दोघांनी आपापली कामं बदलून घ्यावीत.

तिचे आकडे बरोबर होते. ते एक क्रोनाने जरी चुकले असते तरी स्ट्रेंगनी तो क्रोना हातात धरून बाकी सगळं उडवून लावलं असतं आणि कथेतली मजा तिच्यावरच उलटली असती. तुझं टिपण मी वाचलं. त्यात ‘प्रचंड अन्याय’, ‘कष्टकरी महिलांची पिळवणूक’ हे शब्द आहेत आणि हिशेब एकाही बाईचा नाही. तो घाल. सहा कामं असलेली एखादी बाई घे. महिन्याचा पगार किती, प्रवासाला किती जातात, जुन्या नियमाने वर्गणी किती होती, नव्याने किती, आजारी पडली तर निधीतून तिला मिळणार किती. मग तीन कामांवाल्या बाईचं तसंच मांड. दोन्ही शेजारी शेजारी ठेव आणि विशेषणं सगळी काढून टाक.

त्याच वर्षी दुसऱ्या एका कलावंताची गाठ याच करखात्याशी पडली होती आणि ती गोष्ट फार वेगळ्या दिशेने गेली. ३० जानेवारीला स्टॉकहोमच्या रॉयल ड्रॅमॅटिक थिएटरमध्ये चित्रपट आणि नाट्यदिग्दर्शक इंगमार बर्गमन स्ट्रिंडबर्गच्या ‘डान्स ऑफ डेथ’ या नाटकाची तालीम घेत होता. साध्या कपड्यातले पोलीस आले आणि त्याला चौकशीसाठी घेऊन गेले. मामला १९७०मधल्या एका व्यवहाराचा होता: त्याची स्वीडनमधली कंपनी आणि स्वित्झर्लंडमधली कंपनी यांच्यात झालेली पाच लाख क्रोनरची देवघेव. पासपोर्ट काढून घेतला, घराची झडती झाली, वर्तमानपत्रांत बातम्या. बर्गमन मोडला, रुग्णालयात दाखल करावं लागलं. मार्चमध्ये आरोप मागे घेतले गेले, पण एप्रिलमध्ये त्याने ‘एक्सप्रेसेन’मध्येच पत्र लिहून देश सोडला आणि पुढे म्युनिकला जाऊन राहिला.

त्याला कुणी पळपुटा म्हटलं तर मला राग येईल. ज्याला तालमीतून उठवून नेलं, त्याने कुठे राहावं हे आपण बसल्या जागी ठरवू नये. कधी कधी बाहेर पडणं हाच जीव वाचवण्याचा मार्ग असतो, आणि तुझ्यावर तशी वेळ आली तर तुला थांब म्हणणारी मी पहिली नसेन. पण तुझ्यावर तशी वेळ आलेली नाही. तुला कुणी अपमानित करून हाकललेलं नाही, फक्त तुझं ऐकलं नाही. या दोन गोष्टींत फरक आहे आणि रागात तो दिसत नाही.

याच सालातली तिसरी घटना आपल्या संघटनांत सहसा कुणी सांगत नाही, म्हणून मी मुद्दाम सांगते. जूनमध्ये एलओ या कामगार महासंघाचं अधिवेशन भरलं. त्यात रुडॉल्फ माइडनर या अर्थतज्ज्ञाची योजना मंजूर झाली आणि प्रतिनिधींनी उभं राहून ‘इंटरनॅशनल’ हे कामगार चळवळीचं गीत गायलं. माइडनर हिटलरच्या जर्मनीतून तरुणपणी पळून आलेला. योजना अशी: मोठ्या कंपन्यांनी दर वर्षी नफ्याचा पाचवा हिस्सा नव्या शेअरच्या रूपात कामगारांच्या सामायिक निधीला द्यायचा. पैसा कंपनीतच राहणार, मालकी हळूहळू कामगारांकडे येणार. यामागचा विचार पक्का होता. स्वीडनमधल्या संघटना सारख्या कामाला सारखा पगार मागत, मग कंपनी तगडी असो वा डबघाईला आलेली. त्यामुळे तगड्या कंपनीला देता आला असता तेवढा पगार द्यावा लागत नसे, आणि कामगारांनी सोडलेला तो पैसा भागधारकांच्या खिशात जाई. तो परत मिळवायची ही वाट.

बुद्धीला पटणारी. पण ती आली अधिवेशनातून, तज्ज्ञांच्या खोलीतून, आणि निवडणूक तीन महिन्यांवर. पाल्मेच्या पक्षालाच ती पचली नव्हती, त्यामुळे प्रचारात तिचं समर्थनही धड होईना आणि तिला नाकारताही येईना. विरोधकांनी चित्र उभं केलं की आता सगळे कारखाने संघटनेच्या पुढाऱ्यांच्या मालकीचे होणार. साध्या कामगाराला विचारलं असतं की या निधीतून तुझ्या हातात काय येणार, तर त्याला सांगता आलं नसतं. पुढे १९८३मध्ये ती योजना फार पातळ होऊन कायद्यात आली, तिच्याविरुद्ध स्टॉकहोममध्ये प्रचंड मोर्चा निघाला आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला नव्या सरकारने ती गुंडाळली. मला तिच्याबद्दल अजून हळहळ वाटते. तुझ्या संघटनेने वर्गणीचा नियम केला तेव्हा किती बायकांना विचारलं, हे शोध. आणि तू जो पर्यायी नियम मांडणार आहेस, तोही मांडण्याआधी त्यांना विचार.

त्याच जूनच्या १९ तारखेला राजा कार्ल गुस्ताफ याचं सिल्व्हियाशी लग्न झालं. आदल्या रात्री ऑपेरात आब्बा या स्वीडिश गायकवृंदाने ‘डान्सिंग क्वीन’ गायलं, तेही अजून बाजारात यायचं होतं. जुलैत वीस वर्षांच्या ब्यॉर्न बोर्गने एकही सेट न गमावता पहिलं विंबल्डन जिंकलं. चित्रफितींमध्ये तो उन्हाळा सुखी दिसतो आणि माझ्या मते होताही.

आणि मग १९ सप्टेंबर, निवडणूक. जवळजवळ ९२ टक्के लोकांनी मतदान केलं. अठरा वर्षांच्या मुलांना मत देता आलं, आणि देशात तीन वर्षं राहिलेल्या परदेशी नागरिकांनाही नगरपालिकांसाठी पहिल्यांदा मत मिळालं. हा अधिकार पाल्मेच्याच काळात दिलेला. सोशल डेमोक्रॅट हरले.

इथे मला तुझा हात धरून थांबवायचं आहे, कारण तू लेख लिहिशील आणि त्यात ‘एका परीकथेने चव्वेचाळीस वर्षांचं सरकार पाडलं’ हे वाक्य घालावंसं वाटेल. घालू नकोस. आकडे बघ. १९७३च्या निवडणुकीत दोन्ही बाजूंना १७५-१७५ जागा मिळाल्या होत्या. तीन वर्षं संसदेत मतं समसमान पडली की सभापती चक्क चिठ्ठी काढत, आणि कायदा व्हायचा की नाही ते त्या चिठ्ठीवर ठरे. म्हणून १९७६पासून जागा ३५० वरून ३४९ केल्या. इतक्या चुरशीत पक्षाची मतं ४३.६ टक्क्यांवरून ४२.७ वर आली, म्हणजे एका टक्क्याहूनही कमी घट, आणि निकाल लागला १८० विरुद्ध १६९. पोम्पेरिपोसा होती, बर्गमन होता, माइडनरचा निधी होता, आणि या सगळ्यांइतकाच किंवा जास्त मोठा अणुऊर्जेचा प्रश्न होता. कुणामुळे किती मतं फिरली हे वेगळं काढून दाखवता येत नाही. लिंडग्रेनबाईंना सरकार पाडल्याचं श्रेय देणारे त्यांच्या बाजूचेही आहेत आणि विरुद्धही. दोघांनाही ते सोयीचं आहे.

तुलाही हे लागू पडतं. उद्या तुझ्या लेखानंतर संघटनेच्या निवडणुकीत कुणी हरलं, तर ‘हिने घात केला’ असं म्हणणारे निघतील आणि ‘हिने इतिहास घडवला’ असंही. दोन्ही कानांआड कर.

अणुऊर्जेचं म्हणाले, त्यावरून थोर्ब्योर्न फेल्डिन. सेंटर पक्षाचा नेता, उत्तरेकडच्या ओंगरमानलांडचा, मेंढ्या पाळणारा आणि बटाटे पिकवणारा शेतकरी, तोंडात पाइप. सरळ माणूस म्हणून लोकांना आवडे. त्याने प्रचारात ठासून सांगितलं होतं की अणुभट्ट्यांच्या बाबतीत मी तडजोड करणार नाही, मंत्रिपदासाठी तर मुळीच नाही. ८ ऑक्टोबरला तो पंतप्रधान झाला, पण बरोबरच्या दोन पक्षांना अणुऊर्जा हवी होती. बार्सेबेकच्या अणुवीज केंद्राची दुसरी भट्टी तयार होऊन उभी होती, आणि तिच्यात इंधन भरायला त्याच्याच सरकारने परवानगी दिली. ज्यांनी त्या शब्दावर मत दिलं होतं त्यांना तो घाव बसला. दोन वर्षं तो त्या ओझ्याखाली चालला आणि ऑक्टोबर १९७८मध्ये याच प्रश्नावर सरकार कोसळलं.

फेल्डिन खोटा नव्हता, म्हणून तर मला त्याची गोष्ट जास्त लागते. एकट्याच्या हातात नसलेल्या गोष्टीबद्दल त्याने एकट्याचा शब्द दिला. तुझं ‘पद सोडेन’ हे वाक्य त्याच जातीचं आहे. कार्यकारिणीत अकराजणी आहेत. त्या अर्धा नियम बदलतील, एक वर्ष पुढे ढकलतील, उपसमिती नेमतील, मग तू काय करशील? पद सोडलंस तर बायकांचं बोलणारं कुणी उरणार नाही, आणि नाही सोडलंस तर तुझ्या पुढच्या शब्दाला वजन उरणार नाही. पुढच्या बैठकीत उभी राहून स्पष्ट सांग की ते वाक्य मी मागे घेते आणि नियमाविरुद्धचं म्हणणं कायम ठेवते. पाच मिनिटं मान खाली जाईल. जाऊ दे.

आणि लिंडग्रेनबाईंचं पुढे काय झालं, ते ऐक. विरोधी पक्षांनी त्यांना डोक्यावर घेतलं असतं, पण त्या तिकडे गेल्या नाहीत. सोशल डेमोक्रॅट विचार त्यांनी सोडला नाही, पक्ष त्या विचारापासून दूर गेला ही त्यांची तक्रार होती. १९७८मध्ये फ्रँकफर्टला शांतता पुरस्कार घेताना त्या मुलांना मारण्याविरुद्ध बोलल्या. पुढच्याच वर्षी स्वीडनने आईबापांनीही मुलांवर हात उगारायला कायद्याने बंदी केली, जगात पहिल्यांदा. ऐंशीच्या दशकात एका पशुवैद्य बाईंना बरोबर घेऊन त्या गोठ्यात कोंडलेल्या गुरांसाठी, पिंजऱ्यातल्या कोंबड्यांसाठी पुन्हा वर्तमानपत्रातून लिहू लागल्या. १९८७मध्ये त्यांच्या ऐंशीव्या वाढदिवसाला पंतप्रधान इंगवार कार्लसन, त्याच पक्षाचा, नव्या प्राणिरक्षण कायद्याची बातमी घेऊन त्यांच्याकडे गेला. कायदा आल्यावर बाई म्हणाल्या की हा फार लेचापेचा आहे, आणि तेही त्यांनी उघडच सांगितलं.

आता कामाचं. कार्यकारिणीची बैठक महिनाअखेरीला आहे. त्याआधी मला तीन बायकांचे हिशेब पाठव, त्यांची नावं बदलून, पण आकडे खरे आणि त्यांच्या तोंडून घेतलेले. एक अशी घे जिचा नव्या नियमाने फायदा होतो, कारण तशा बायका असणारच, आणि त्यांना वगळलंस तर तुमच्या खजिनदारबाई पहिल्याच मिनिटाला ते दाखवून देतील. टिपण आधी त्यांनाच दे, वाचायला चार दिवस ठेव. त्यांनी काही चूक काढली तर दुरुस्त कर आणि दुरुस्ती त्यांच्या नावाने लिही. वर्तमानपत्राचा विचार बैठकीनंतर करू. तेव्हाही ऐकलं नाही तर मी तुझ्याबरोबर सही करेन.

तुझी,
ताई